वंगणाची विद्या



बेअरिंग आणि सील यांवर व्याख्यान कसले, असे कोणास वाटेल. पण ज्या जालन्यात सळ्यांच्या रोलिंग मिल आहेत आणि एन.आर.बी.चा बेअरिंगचा कारखाना आहे, त्या गावाला हा विषय परका नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणारे आमचे वाडवडील याच विद्येचे विद्यार्थी होते. फिरत्या दांड्याचा भार झेलते ते बेअरिंग. तेल आत आणि धूळ बाहेर ठेवते ते सील.

1883 साली बीचम टॉवर या इंग्रज इंजिनिअराने रेल्वेच्या आसाचे बेअरिंग तपासायला घेतले. तेल सोडण्यासाठी त्याने वरून भोक पाडले, तर तेल उलट बाहेर येऊ लागले. बूच मारले, ते निघाले; लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली! फिरणारा आस तेल ओढून घेतो, त्यात दाब निर्माण होतो आणि धातू धातूला न लागता आस त्या थरावर तरंगतो. 1886 साली मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचे गणित मांडले. केंब्रिजला जाण्यापूर्वी या प्राध्यापकाने वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली होती, हे आम्हाला मुद्दाम सांगावेसे वाटते.

आज अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात याच कामाची मोठी प्रयोगशाळा आहे. कंपन्या वर्गणी देतात, विद्यार्थी बेअरिंगे आणि सील फिरवून मोजमापे घेतात. 1970 नंतरच्या दशकात स्पेस शटलच्या इंजिनाचा पंप चाचणीत थरथरू लागला, तेव्हा सील म्हणजे नुसते बूच नव्हे, तर आसाला सावरणारा आधारही आहे, हे प्रकर्षाने दिसले.

आता आमचा मुद्दा. आमचा फिटर पान्याचे एक टोक बेअरिंगच्या घरावर आणि दुसरे कानाला लावून सांगतो, "हे जाणार." एका मिलमध्ये असे सांगूनही यंत्र चालूच ठेवले गेले. बेअरिंग जाम झाले, शाफ्ट तुटला आणि रोजंदारीवरच्या माणसांना काही दिवस घरी बसावे लागले. फिटरच्या कानाला कागदाचा आधार नव्हता, एवढेच त्याचे उणे. प्रयोगशाळा तो कागद देते. कंप मोजला की मालकालाही आकडा नाकारता येत नाही.

मराठवाड्यात विद्यापीठ 1958 पासून आहे. रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर खुद्द जालन्यात आहे, आणि वंगण हे रसायनच. आमची मागणी साधी आहे. मोडलेले बेअरिंग भंगारात न जाता आधी प्रयोगशाळेच्या टेबलावर जावे, त्याच्यासोबत ते बसवणारा कामगारही जावा, आणि तपासणीचा निष्कर्ष त्याला मराठीत वाचायला मिळावा. वर्गणी काढायची झाली, तर आमची युनियन मागे राहणार नाही.