पोर्तुगालचे १९७४ साल



पोर्तुगालचे नाव निघाले की आपणां गोमंतकीयांना १९६१ आठवते. मला आज १९७४ विषयी बोलायचे आहे. त्या वर्षी पोर्तुगीज जनता स्वतः मुक्त झाली.

२४ एप्रिलच्या रात्री नभोवाणीवरून एक गीत प्रक्षेपित झाले, मध्यरात्रीनंतर दुसरे. आफ्रिकेतील वसाहतींत तेरा वर्षे लांबलेल्या युद्धाला विटलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांची ती उठावाची खूण होती. पहाटे चिलखती गाड्या लिस्बनमध्ये शिरल्या. नागरिकांनी घरातच थांबावे, असे आवाहन झाले. ते मानतो कोण! लोक रस्त्यावर आले आणि सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली गेली. सायंकाळी पंतप्रधान कायतानु शरण आले. ४८ वर्षांची हुकूमशाही एका दिवसात कोसळली. रक्त मुळीच सांडले नाही, असे मात्र नव्हे. गुप्त पोलिसांच्या कचेरीतून झालेल्या गोळीबारात चौघांचा बळी गेला.

दोनच दिवसांत काशियसच्या तुरुंगातील राजबंदी बाहेर आले. गोवा मुक्त झाल्यावरही आपले मोहन रानडे १९६९ पर्यंत याच तुरुंगात खितपत होते. आपले आणि पोर्तुगीज देशभक्तांचे कारागृह एकच होते, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही.

३१ डिसेंबरला नवी दिल्लीत पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. करारावर त्यांच्या बाजूने सही करणारे परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिश हे सालाझारच्या तुरुंगात अनेकदा राहून आलेले गृहस्थ; आणि आपल्या बाजूने सही होती यशवंतराव चव्हाणांची.