स्प्रिंग नक्की कुणाच्या वजनाची?

आज बोलूया माउंटन बाइकच्या मागच्या शॉकमधल्या कॉइल स्प्रिंगबद्दल.

आपल्यातले बरेच जण सेकंडहँड फुल सस्पेन्शन सायकल घेतात. सायकल झकास असते, पण स्प्रिंग असते आधीच्या मालकाच्या वजनाची! एअर शॉकमध्ये पंपाने हवा कमी-जास्त करता येते. कॉइलमध्ये तसं नाही, स्प्रिंगच बदलावी लागते. ती कडक निघाली तर आंदर मावळातल्या दगडी उतारावर मागचं चाक उडत राहतं. मऊ निघाली तर शॉक दाणकन तळाला लागतो आणि तोल जातो.

स्प्रिंगवर आकडे असतात. समजा, ४५० × २.७५. म्हणजे ती एक इंच दाबायला ४५० पौंड जोर लागतो आणि ती २.७५ इंचांपर्यंत दबू शकते. हा दुसरा आकडा शॉकच्या स्ट्रोकपेक्षा कमी नको. आतला व्यासही शॉकला जुळायला हवा.

आता वजन. जिममधल्या काट्यावरचं नको. टाकव्याहून वडेश्वर, खांडीकडे पावसात निघताना पाठीवर पाणी, टूल्स, रेनकोट असतो ना? त्या सगळ्यासकट काट्यावर उभे राहा.

समजा, ७५ किलो भरलं. सस्पेन्शनवर येणारं सायकलचं वजन १० किलो धरू. एकूण ८५. त्यातलं साधारण ६५ टक्के मागे, म्हणजे ५५ किलो. मागच्या चाकाचा ट्रॅव्हल १५० मिमी, शॉकचा स्ट्रोक ६५ मिमी, भागाकार २.३. ५५ गुणिले २.३, साधारण १२७ किलो, म्हणजे २८० पौंड. सॅग ३० टक्के हवा, म्हणजे १९.५ मिमी, पाऊण इंचाच्या जरा वर. २८० ला ०.७७ ने भागा: ३६४. बाजारात ३५० किंवा ३७५ बघायची.

पण हा अंदाज झाला. खरा निकाल टेप देते. शॉकच्या दोन बोल्टांमधलं अंतर आधी रिकामं मोजा. मग भिंतीला टेकून, बॅगेसकट सायकलवर बसा आणि मित्राला पुन्हा मोजायला सांगा. फरक १९-२० मिमी आला की जमलं.

आणि हो, प्रीलोडची रिंग आवळून मऊ स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग खुळखुळू नये म्हणून एक-दोन फेरे पुरेत. त्याहून जास्त लागत असतील तर पुढचा नंबर घ्या.

मित्राचा नंबर विचारून ऑर्डर करू नका, मंडळी. त्याचं वजन वेगळं, सायकल वेगळी. आधी काटा, मग टेप, मग पैसे. भेटू पुढच्या भागात!