चार्जिंग पाळीपाळीनं
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



25 वर्षांपूर्वी पार्किंगचं वायरिंग झालं, तेव्हा चार ट्यूबलाइट आणि पाण्याची मोटर एवढाच भार धरला होता. आता विजेच्या स्कूटर आल्या, कारही आल्या. सभेत दोन गट पडले. एक म्हणतो, सगळ्यांना चार्जिंग द्या. दुसरा म्हणतो, कुणालाच नको. केंद्र सरकारच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या आहे त्याच जोडणीवर गाडी चार्ज करता येते. तेव्हा सरसकट 'नको' म्हणून भागणार नाही.

आपल्यातल्या बहुतेकांचं शेत आहे. ऑटोस्विच काय करतो ते सांगायला नको. लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपी जळतो. ऑटोस्विच लावू नका, असं महावितरण म्हणूनच सांगत असतं.

गाड्यांचंही तेच. घरगुती चार्जिंगला कार सुमारे 3.3 किलोवॅट ओढते. समजा, मोटर आणि जिन्यातले दिवे सोडून मंजूर भारातले 7 किलोवॅट उरतात. संध्याकाळी तीन कार एकदम लावल्या तर भार ओलांडलाच. पण एका युनिटवर कार साधारण 6-7 किलोमीटर जाते. नांदेडला जाऊन आलेल्या गाडीला सात-आठ तास लागतील. गावात रोज 15-20 किलोमीटर फिरणाऱ्याला एक तास पुरतो. स्कूटरचा चार्जर तर बहुधा एक किलोवॅटच्या आतला.

एका विहिरीवर भाऊ-भाऊ पाळी लावतात, तशी आपणही लावू. एका वेळी दोनच कार. सकाळी लांब जाणाऱ्याचा नंबर आधी. टाकी भरेपर्यंत चार्जिंग बंद. प्रत्येक सॉकेटला सबमीटर, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. खिडकीतून एक्स्टेंशन सोडायची नाही, त्यानं आग लागू शकते. पुढं गाड्या वाढल्या, तर भार आपोआप वाटून देणारे चार्जर मिळतात, नाहीतर मंजूर भार वाढवून घेता येतो. तो खर्च मात्र गाडीवाल्यांनी करायचा.

ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांच्या मेंटेनन्समध्ये रुपयाही वाढू नये. वरच्या मजल्यावर पाणी वेळेवर चढलं पाहिजे आणि पहाटे निघणाऱ्याची गाडीही भरलेली पाहिजे. पाळी पाळली तर दोन्ही जमतं.