न्हाणीचं पाणी आणि घरची भाजी

(जिल्हा मेळाव्याच्या सकाळच्या सत्रात एका शेतकरी बहिणीने केलेले भाषण)



मला परसबागेवर बोलायला सांगितलं आहे. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. शेतकऱ्याच्या घरावर कर्ज चढतं ते घरच्या बाईने काटकसर केली नाही म्हणून, असं सांगणारे खूप भेटतात. ते खोटं आहे. फाटक्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या बाईला काटकसर शिकवायला कोणी यायला नको. कापसाला भाव मिळाला नाही तर भोपळ्याच्या वेलाने कर्ज फिटत नाही. तरी मी वेलाबद्दलच बोलणार आहे. कारण हिशेबात आहे.

आठवडी बाजारात भाजीला २०० रुपये जातात असं धरा. ५२ आठवड्यांचे १०,४०० झाले. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल जाहीर झाला. म्हणजे हमीभावाने मोजला तरी सव्वा क्विंटलाहून जास्त कापूस आपण भाजीत घालतो. कोरडवाहू रानात एकरी किती पिकतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हमीभाव हातात किती पडतो, तेही ठाऊक आहे.

पूर्वी कपाशीच्या रानात तूर, अंबाडी, बरबटी असायची, कडेला भेंडी असायची. वेचायला गेलेली बाई येताना ओटीत भाजी घेऊन यायची. आता तणनाशकात ही भाजी टिकत नाही, आणि टिकली तरी फवाऱ्याखालची भाजी लेकरांना घालायची कशी? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून भाजी घराजवळ आणायची.

आता पाण्याचं. माझी पहिल्या वर्षीची चूक सांगते. हौसेने चौदा प्रकार लावले. माघापर्यंत अंगण हिरवंगार. मग हातपंपाचं पाणी खाली गेलं. भाजी वाळू नये म्हणून माझी लेक पहाटे दोन खेपा जास्त करू लागली. मला कौतुक वाटलं. पोरगी वर्गात पेंगते, असं तिचे मास्तर सांगायला आले तेव्हा माझे डोळे उघडले. त्या दिवसापासून आमच्या घरी नियम आहे: भाजीसाठी एक खेपही जास्त करायची नाही. घरात वापरून सांडतं तेवढ्याच पाण्याची बाग.

पाच माणसांची आंघोळ, पंधरा लिटरची बादली, म्हणजे दिवसाला पंच्याहत्तर लिटर पाणी. ते न्हाणीतून नाली काढून आळ्यात सोडा. तोंडाशी अळू किंवा एखादी केळ, पुढे लिंबू, कढीपत्ता, शेवगा. कपड्याच्या पावडरचं पाणी भाजीला नको. सांबार, मुळा असं जे कच्चं खातो त्याला न्हाणीचंही पाणी नको.

वेलासाठी जुनं पाझरतं मडकं गळ्यापर्यंत पुरा. भोवती तीन-चार बिया लावा. मडकं भरून वर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. पाणी हळूहळू मुळाशी जातं, वरची माती कोरडी राहते, तण कमी होतं. आळ्यात पालापाचोळा, कडब्याचं उरलेलं चिपाड अंथरा.

मृगाच्या पावसावर दोडका, कारलं, भोपळा, बरबटी, गवार लावा. कुंपणावर पोपटाचा वेल सोडा. दसऱ्यानंतर मेथी, पालक, सांबार. पण सगळं एकाच दिवशी पेरू नका. पंधरा दिवसांच्या अंतराने चिमूट-चिमूट पेरलं तर रोज ताटात येतं. शेवगा कमरेच्या वर गेला की शेंडा खुडा. फांद्या फुटतात, शेंगा हाताशी येतात. त्याचा पालाही भाजीला चालतो.

मांडवाला पऱ्हाट्या वापरायच्या तर त्यावरची किडकी बोंडं काढून जाळा. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते आणि पुढच्या हंगामात आपल्याच रानात येते.

किडीला निंबोळी. पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, थोडा साबण घाला आणि संध्याकाळी शिंपडा. कपाशीचं औषध थेंबभरही भाजीवर नको. औषधाचा रिकामा डबा धुऊन घरात घेऊ नका. धुतल्याने विष जात नाही. त्याला भोकं पाडून निकामी करा.

बियाण्यासाठी सगळ्यात जोमदार वेलाचं एक फळ राखून ठेवा. वेलावरच पिकून वाळू द्या. बी राखेत घोळून बाटलीत भरा. संकरित वाणाचं बी मात्र धरू नका, पुढच्या साली तसं फळ येत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकची वाटी देण्यापेक्षा पुडीभर बी द्या. एकीकडे पोपट, दुसरीकडे दोडका, असं गावात फिरलं की कोणाला विकत आणावं लागत नाही.

शेवटची गोष्ट भावांसाठी. बाजाराचे पैसे वाचले, पण ते गेले कुठे? आमच्या घरी पहिल्यांदा ते कोणाच्या हाती राहिले नाहीत, कळलंच नाही. दुसऱ्या वर्षी मी वही घातली. कोणत्या दिवशी कोणती भाजी निघाली, बाजारात तिचे किती पडले असते, आणि माझा किती वेळ गेला, तिन्ही लिहिलं. दिवाळीला वही घरधन्यापुढे ठेवली. ते काही बोलले नाहीत. पण लेकीच्या शिक्षणाचं खातं त्याच महिन्यात उघडलं.

तेव्हा बायांनो, वही घाला. आणि भावांनो, नाली तुम्ही खणा. कापसाच्या उत्पादनखर्चाचा हिशेब मांडाल तेव्हा घरच्या बाईची मजुरी त्यात धरायला विसरू नका. काटकसर आम्ही करतोच आहोत, तिची किंमत तुम्ही मांडा.

एवढं बोलून थांबते.