स्वस्त मायक्रोफोनची पारख

१९८२ च्या संपातले गिरणी कामगार आता वृद्ध झाले आहेत. त्यांचे बोल टिपून ठेवायला महागड्या यंत्राची वाट पाहू नका. १९६२ साली अमेरिकेत सेसलर व वेस्ट यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन सिद्ध केला. त्यामुळेच हे साधन पुढे स्वस्त झाले.

आधी ते पारखा. रात्री पंखा बंद करून मिनिटभर शांतता मुद्रित करा; यंत्राची खरखर कळेल. मग वीतभर अंतरावरून ‘प’, ‘फ’, ‘स’ म्हणा. श्वासाचा फटका बसला, तर मध्ये पातळ कापड ताणा. ‘स’ कानाला टोचला, तर मायक्रोफोन किंचित तिरपा करा. आवाज घुमला, तर बोलणाऱ्याच्या पाठीमागे गोधडी टांगा. पुष्कळसा दोष खोलीचाच निघतो.

एवढे जमले, की शेजारच्या आजोबांना उद्याच बोलते करा.