ट्रॅक्टरचा क्लच घसरतो तेव्हा

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)

मृगाचा पाऊस झाला, पऱ्हे टाकून झाले, आता रोवणीचे दिवस जवळ आले. आपला भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. इथे रोवणीच्या वेळी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पऱ्हे तीन-चार आठवड्यांचे व्हावे, बांधीत पाणी असावे आणि रोवणाऱ्या बाया ठरलेल्या दिवशी मिळाव्या. या तिन्ही जुळून आल्या आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर बांधीत नुसता ओरडत उभा राहिला, तर? इंजिनचा आवाज चढतो, ट्रॅक्टर पुढे जात नाही, जळका वास येतो. धुऱ्यावरची मंडळी लगेच सांगतात, "क्लच गेला."

पण क्लच खरेच गेला काय? आणि गेला असेल तर कशाने गेला? हे ओळखल्याशिवाय ट्रॅक्टर खोलू नका. आजच्या भाषणात एवढेच सांगायचे आहे.

क्लच काम कसे करतो

दोन तळहातांमध्ये एक पोस्टकार्ड घट्ट दाबून धरा. तळहात फिरवले की कार्डही फिरते. दाब सैल केला की तळहात फिरतात आणि कार्ड जागीच राहते. क्लचचे असेच आहे. एक तळहात म्हणजे इंजिनचे फ्लायव्हील. दुसरा तळहात म्हणजे प्रेशर प्लेट. मधले कार्ड म्हणजे क्लच प्लेट. हिच्या दोन्ही बाजूंना लायनिंग असते, आणि प्लेट फिरली की गिअर बॉक्स फिरतो. दाब देण्याचे काम स्प्रिंगा करतात. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेटची बोटे दाबते आणि पकड सुटते.

आता तळहाताला तेल लावून पाहा. कितीही दाबले तरी कार्ड निसटेल. कार्ड झिजून पातळ झाले तरी निसटेल. हाताचा जोर कमी पडला तरी निसटेल. क्लच घसरण्याची कारणेही हीच आहेत : झिजलेले लायनिंग, तेल किंवा चिखल, आणि कमी पडलेला दाब.

दोष कुठे आहे ते आधी ओळखा

चिखलणी करताना ट्रॅक्टर अडला तर सीटवरून मागच्या चाकांकडे बघा आणि इंजिनचा आवाज ऐका.

पहिली स्थिती : इंजिन जोरात फिरते आणि चाकेही गरगर फिरतात. इथे क्लचचा दोष नाही. चाकांना चिखलात पकड मिळत नाही. केज व्हील बघा, चिखलाची खोली बघा, अवजाराचा भार कमी करा. पवनी-लाखांदूरकडच्या चौरास भागातल्या भारी जमिनीत असे फार होते.

दुसरी स्थिती : इंजिनचा आवाज उतरतो, काळा धूर येतो, इंजिन बंद पडू पाहते. इथे क्लचने पकड धरून ठेवली आहे, इंजिनच भाराखाली दबते आहे. गिअर खालचा घ्या. तरीही दम नसेल तर एअर क्लीनर आणि डिझेल फिल्टर तपासा.

तिसरी स्थिती : इंजिनचा आवाज चढतो, पण चाके मात्र रेंगाळतात किंवा थांबतात. थोड्या वेळाने जळका, नाकाला झोंबणारा वास येतो. हा क्लच घसरतो आहे.

ट्रॅक्टर नीट चालतो आणि फक्त रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र भाराखाली मंदावते, असेही होते. ड्युअल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओची प्लेट वेगळी असते. तेव्हा दोष तिच्यात असू शकतो. मिस्त्रीला हा फरक जरूर सांगा.

उभ्या ट्रॅक्टरची परीक्षा

संशय असेल तर ही परीक्षा कोरड्या, सपाट जागेवर करा. ट्रॅक्टरच्या पुढे-मागे कोणी माणूस, पोर, जनावर नको. पीटीओ बंद ठेवा. दोन्ही ब्रेक एकत्र जोडा, पार्किंग ब्रेक लावा, चाकांना उटी लावा. इंजिन मध्यम वेगावर ठेवून सर्वात वरचा गिअर टाका आणि पेडल हळूहळू, पण न थांबता पूर्ण सोडा. इंजिन दबून बंद पडले तर क्लचची पकड चांगली आहे. पेडल पूर्ण सोडले तरी इंजिन खुशाल चालू राहिले तर क्लच घसरतो आहे. लगेच पेडल दाबून गिअर काढा. ही परीक्षा दोन-तीन सेकंदांची. पुन्हा पुन्हा करू नका, नाहीतर चांगली प्लेटही तापून खराब व्हायची.

पेडलची मोकळी चाल

क्लच पेडल हाताने दाबून पाहा. सुरुवातीला ते अगदी हलके जाते आणि मग एकदम जड लागते. हलके जाते त्या अंतराला मोकळी चाल म्हणतात. बहुतेक ट्रॅक्टरांत ती २० ते ४० मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटे असते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच खरा मानावा.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. वस्तू झिजली की सैल होते, असे आपल्याला वाटते. क्लचचे उलटे आहे. लायनिंग झिजले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिची बोटे मागे, बेअरिंगकडे येतात. म्हणून प्लेट झिजत जाते तशी पेडलची मोकळी चाल कमी कमी होत जाते. ती पार संपली की बेअरिंग बोटांवर सतत टेकून राहते. जणू कोणी दिवसभर पेडलवर पाय ठेवून बसले आहे! स्प्रिंगांचा दाब कमी पडतो, प्लेट घसरते, तापते आणि जी प्लेट आणखी एक-दोन हंगाम चालली असती ती दोन दिवसांत जळते.

म्हणजे क्लच एकाएकी जात नाही. तो आधी सांगतो, पण आपण ऐकत नाही. कामाच्या दर ५० तासांनी आणि चिखलणी सुरू करण्याआधी पट्टी लावून ही चाल मोजा. पाच मिनिटांचे काम आहे.

चाल कमी असेल तर इंजिन बंद करा, ब्रेक लावा. पेडलपासून क्लचच्या खोक्याकडे जी सळई जाते तिच्यावर लॉक नट असतो. तो सैल करा, सळईच्या टोकाची पिन काढा, टोक फिरवून सळईची लांबी जुळवा, पिन परत घाला, लॉक नट घट्ट करा आणि पुन्हा मोजा. चाल गरजेपेक्षा जास्तही ठेवू नका, नाहीतर क्लच पूर्ण सुटणार नाही आणि गिअर टाकताना करकर होईल. आटे संपले तरी चाल मिळत नसेल, तर प्लेट झिजली असे समजा. मग वॉशर घालून दिवस काढण्यात अर्थ नाही. काही नव्या ट्रॅक्टरांत क्लच तेलाच्या दाबाने चालतो, तिथे ही जुळणी पुस्तिकेप्रमाणेच करावी.

पेडल परत वर येते ना, हेही बघा. त्याची स्प्रिंग तुटली असेल किंवा बूश गंजून जाम झाला असेल तरी क्लच घसरतो. तेव्हा थोडे ग्रीस आणि एक नवी स्प्रिंग, एवढ्याने काम भागते.

तेल आणि चिखल

मोकळी चाल बरोबर आहे, प्लेटही फार जुनी नाही, तरी क्लच घसरतो. मग ट्रॅक्टरच्या पोटाखाली जाऊन बघा. क्लचच्या खोक्याला तळाशी एक भोक असते. तिथून तेल गळते काय? काळे, पातळ तेल असेल तर इंजिनच्या मागचे सील गेले असावे. दाट, उग्र वासाचे तेल असेल तर गिअर बॉक्सचे सील.

एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. रोवणीच्या तोंडावर त्यांच्या ट्रॅक्टरचा क्लच घसरू लागला. ट्रॅक्टर खोलला, नवी प्लेट घातली. आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. त्यांनी माल खोटा म्हणून दुसरी प्लेट आणली. तीही घसरली. तिसऱ्या खेपेला एका जुन्या मिस्त्रीने खोक्यात हात घातला, तर बोटे काळ्या तेलाने माखली. इंजिनमागचे सील फाटले होते. सीलची किंमत प्लेटच्या मानाने अगदी किरकोळ. पण तोवर पऱ्हे म्हातारे झाले होते आणि रोवणी लांबली. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत झाली.

खोल चिखलात काम करताना त्याच भोकातून पाणी आणि गाळ आत शिरू शकतो. काही ट्रॅक्टरांत चिखलणीपुरते हे भोक बंद करायला बूच दिलेले असते. चिखलणीआधी ते लावा आणि काम संपल्यावर न विसरता काढा, म्हणजे आत साठलेले तेल-पाणी बाहेर येईल. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्रांच्या चाचणीची संस्था आहे. तिथेही ट्रॅक्टर चिखलणीत चालवून झाल्यावर क्लचच्या खोक्यात पाणी-चिखल शिरला काय, हे तपासतात. तेव्हा ही बाब किरकोळ समजू नका.

क्लच घसरू नये म्हणून खोक्यात माती, राख, पेट्रोल किंवा रॉकेल टाका, असे कोणी सुचवले तरी ऐकू नका. मातीने फ्लायव्हील खरवडते, आणि तापलेल्या क्लचवर पेट्रोल म्हणजे आगीला बोलावणे.

प्लेट बदलताना

हे काम शेतात जॅक आणि दगड लावून करायचे नाही. ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो. त्याला भक्कम स्टँड, सपाट फरशी आणि जाणता मिस्त्री हवा. आपण मात्र समोर उभे राहून पुढील गोष्टी बघून घ्याव्या :

१. जुन्या प्लेटचे लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आले आहे काय? की ते जाड आहे, पण तेलकट आहे? तेलकट असेल तर सील बदलल्याशिवाय ट्रॅक्टर जोडू देऊ नका.

२. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग, तडे किंवा खोल रेषा आहेत काय? तापून निळ्या झालेल्या स्प्रिंगांचा जोर कमी होतो. नुसती नवी प्लेट घालून भागत नाही.

३. रिलीज बेअरिंग हाताने फिरवून पाहा. खरखर लागली तर तेही आताच बदला. पुन्हा ट्रॅक्टर खोलण्याची मजुरी त्याहून महाग पडते.

४. प्रेशर प्लेटची सगळी बोटे एका उंचीवर जुळवली आहेत काय? प्लेटची बाजू बरोबर आहे काय? नव्या लायनिंगला ग्रीसचा हात लागू देऊ नका.

५. आतली धूळ हवेच्या पाइपने किंवा फुंकरीने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसा, फडके पुरून टाका.

नवी प्लेट बसवल्यावर पहिले काही तास हलके काम घ्या. मग मोकळी चाल पुन्हा मोजा, कारण लायनिंग बसते तशी ती बदलते.

चालवणाऱ्याच्या पायात क्लचचे आयुष्य

काम करताना पाय पेडलवर ठेवू नका. नुसता बुटाचा भारही पुरेसा असतो. धुऱ्याशी वळताना अर्धा क्लच दाबून वेग कमी करू नका, थ्रॉटल कमी करा. धानाचे पोते भरलेली ट्रॉली खालच्या गिअरमध्ये उठवा. चढावर ट्रॉली अर्ध्या क्लचवर तोलून धरू नका, ब्रेक कशासाठी आहे? आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती देत असाल, तर किल्लीबरोबर ह्या चार गोष्टीही त्याला सांगा.

बंधू-भगिनींनो, तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही. ट्रॅक्टर बांधीत उतरवण्याआधी आज संध्याकाळीच एक पट्टी घ्या, पेडलची मोकळी चाल मोजा आणि ट्रॅक्टरच्या पोटाखाली एक नजर टाका. दोन बोटे चाल आणि कोरडे भोक, एवढे असेल तर निश्चिंत मनाने चिखलणीला लागा. नसेल, तर मिस्त्रीकडे आजच जा. रोवणीच्या दिवशी त्याच्याही दारी रांग असते.