शिवण येतं, मग शिकायचं कशाला?

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा करताना एक ताई हळूच म्हणाल्या, "पोरगी बीए झाली, आता नाटकाचे सेट आणि कपडे शिकायला जायचं म्हणते. शिवण तर तिला घरीच येतं!"

खरंय. आपल्या गुहागरात नमनातल्या गवळणींचे कपडेही घरच्या मशीनवर शिवले जातात. पण हिरवी साडी तांबड्या लाइटखाली काळपट दिसते, हे मला कुठे ठाऊक होतं? गटाच्या कार्यक्रमात तसंच झालं, आणि साडी मीच निवडली होती! तिकडे हेच शिकवतात. उजेडात रंग कसा बदलतो, रंगमंचाचा मापात नकाशा, सेटची छोटी प्रतिकृती, कुठल्या काळी लोक काय नेसत.

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालचं. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, विद्यावेतनही मिळतं; पण पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. जवळ म्हटलं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, तिथे नाटक शिकता येतं.

कोल्हापूरच्या भानू अथय्यांना १९८३ मध्ये 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. भारतीयाला मिळालेलं ते पहिलं.

शिकल्यावर महिन्याचा पगार ठरलेला नसतो, हेही मी ताईंना सांगितलं. त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत. पण शिमग्यासाठी लेक संकासुराची टोपी नव्याने करतेय, आणि मापं ताईच लिहून घेतायत.